करकोच्यांच्या बाजूची पडवी

मुलांनो,

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. तुमच्या तिकडच्या, परदेशातल्या रुंद, उथळ नदीत पहाटे उभे असलेले इतके करकोचे मी आयुष्यात एका जागी पाहिले नाहीत. फोटोच्या मागे धाकटीने लिहिलं आहे, "आजी, तू असे पक्षी कधी पाहिलेस का?" नुसतं 'हो' लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर काहीही म्हणोत, माझ्या वयात लिहायचं ते आधी लिहून ठेवलेलं बरं. शिवाय तुमची आई फोनवर म्हणाली, "आई, त्यांना पडवीची गोष्ट सांग. मला सांगितली होतीस तशीच सांग. काही गाळू नकोस." तेव्हा गाळत नाही. क्रमाने सांगते.

आधी पक्षी. तुमचे करकोचे अंगाने राखाडी आणि कपाळावर तांबडे दिसतात. आमचे त्यांच्याहून लहान. अंग राखाडीच, पण मान काळी, छातीवरून काळी पिसं लोंबलेली, आणि डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका, कानामागे फूल खोवावं तसा. दिवाळी आटोपून हवेत कोरडेपणा आला की एखाद्या सकाळी आभाळातून 'क्रुर्र, क्रुर्र' असा आवाज यायचा. आवाज आधी यायचा, पक्षी मागाहून दिसायचे. इतके उंच असायचे की पहिल्यांदा आभाळावर नुसती एक वाकडी ओळ दिसायची, मग ती तुटायची, घिरट्या घालायची आणि हळूहळू तलावाकडे उतरायची. सोलापूरला पाणी कमी, हे काही मी सांगायला नको. पण म्हणूनच ज्याला पाणी हवं त्याला हिप्परग्याच्या तलावावर यावंच लागायचं. माणसांना, गुरांना आणि या पाहुण्यांनाही.

त्या तलावावर आमचं बिऱ्हाड होतं. तुमचे आजोबा कालव्याच्या खात्यात ओव्हरसियर होते, आणि बांधाच्या टोकाला त्यांना सरकारी घर मिळालं होतं. पुढे ओटा, मध्ये दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे पाण्याकडे तोंड केलेली एक बुटकी पडवी. घरात माणसं तीन: तुमचे आजोबा, त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी.

माझं माहेर सोलापुरातच, नव्या पेठेत. वडील हायस्कुलात मास्तर होते. मला त्यांनी इंग्रजी सहावीपर्यंत शिकवलं. तेव्हा मॅट्रिकची परीक्षा इंग्रजी सातवीनंतर असायची; ती सातवी झाली असती तर मी मॅट्रिकला बसले असते. पण सहावीचा निकाल लागला आणि त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. लग्नाच्या बोलणीत वडिलांनी एकच गोष्ट घातली होती, की मुलीला मॅट्रिकला बसू द्यावं. समोरून "बघू की" असं उत्तर आलं. लग्नाच्या बोलणीत "बघू की" याचा अर्थ काय होतो, हे माझ्या वडिलांना कळायला हवं होतं. बहुधा कळलंही असेल. त्यांनी माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली सातवीची पुस्तकं घालून दिली.

शहर तिथून दूर नव्हतं. बैलगाडीने सकाळी निघालं तर जेवणवेळेला शहरातल्या सात रस्ता चौकात पोचता यायचं. पण सुनेने कारणाशिवाय गाडीत बसायचं नसतं, आणि पुस्तकं हे काही कारण नव्हे. सकाळी उठून पाणी, सारवण, देवाची उपकरणी, स्वयंपाक, निवडण, टिपण, पुन्हा स्वयंपाक. घराच्या पुढच्या ओट्यावर खात्याची माणसं यायची म्हणून पुढे जायचं नाही. मागच्या पडवीत आडोसा नाही म्हणून मागे थांबायचं नाही. मधल्या दोन खोल्यांत मी होते. खिडकी होती, पण ती बांधाच्या दगडांकडे उघडत होती. समोर एवढं मोठं पाणी, आणि मला दिसायची ती त्याला अडवणारी भिंत.

सासूबाई वाईट नव्हत्या. हे मी तुम्हांला मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत सासू आली की तुम्ही पुढचं स्वतःच रचाल. त्या फार लहान वयात विधवा झालेल्या. केशवपन केलेलं, तांबडं लुगडं, एकवेळचं जेवण, सोवळं कडक. त्यांच्या बोलण्याला धार होती, आणि ती धार त्या स्वतःवरही चालवायच्या. मला एकदा म्हणाल्या, "तुला निदान खिडकी आहे. माझ्या वेळी भिंतीच होत्या, आणि त्याही सारवायला मलाच."

आता तीन दिवसांबद्दल. तुम्हांला हे चमत्कारिक वाटेल. त्या काळी आमच्यात बाई महिन्याची अडचण आली की तीन दिवस बाजूला बसायची. कोणाला शिवायचं नाही, देवाजवळ, स्वयंपाकघरात जायचं नाही. वेगळं ताट, वेगळा तांब्या, अंथरायला घोंगडी. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. आमच्या घरात ही बसण्याची जागा म्हणजे ती मागची पडवी. एरवी जिथे मला थांबायची बंदी होती, तिथेच ते दिवस मला सक्तीने बसावं लागायचं. आडोसा म्हणून तेवढ्यापुरता एक गोणपाटाचा पडदा लावला जायचा. तो पडदा मी बसल्याबरोबर बाजूला सारायची.

पहिल्यांदा मी पडवीत बसले तेव्हा समोरचं पाणी पाहूनच दबकले. मग हात रिकामे आहेत हे लक्षात आलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मी आतल्या दाराकडे तोंड करून विचारलं, "सासूबाई, मी वाचत बसू का?"

"पोथीला हात लावायचा नाही."

"पोथी नाही. माझी शाळेची पुस्तकं."

"त्यात देवाचं नाव आहे?"

"इंग्रजी आहेत."

आत बराच वेळ भांड्यांचा आवाज झाला. त्या विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "इंग्रजीला कसला विटाळ? ते मुळातच बाटलेलं. वाच. पण संस्कृताचं पुस्तक तिथे नेलंस तर बघ."

आणि अशी माझी शाळा सुरू झाली. इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित, सगळं त्या वेळी इंग्रजीतूनच असायचं, त्यामुळे ते सगळं बाटलेलं आणि म्हणून मोकळं. संस्कृत मात्र पवित्र असल्यामुळे त्याला हात लावायची मुभा फक्त एरवीच्या दिवसांत, आणि एरवीच्या दिवसांत वेळ नसायचा. माझं संस्कृत शेवटपर्यंत कच्चं राहिलं ते केवळ त्याच्या पावित्र्यामुळे. सासूबाई पोळी वरून ताटात टाकायला यायच्या आणि पुस्तकाकडे बघून म्हणायच्या, "घरात असताना सून, बाहेर बसली की बालिस्टर."

पाणी ओसरायला लागलं की तलावाच्या काठच्या गाळात हरभरा पेरत. गाळपेर म्हणतात त्याला. आमच्या पडवीसमोरचा तुकडा एका लिंगायत बाईने खंडाने कसायला घेतला होता. वयाने माझ्या आईएवढी, घरात कन्नड, बाहेर मराठी, हातात सदा गोफण. पहिल्या हिवाळ्यात करकोचे उतरले तेव्हा मी खुळ्यासारखी उभी राहून पाहत होते. सकाळच्या उन्हात ते तिच्या हरभऱ्यात पसरले होते. एक-दोघं मान वर करून पहारा देत होते, बाकीचे खाली वाकून सावकाश खात होते, पंगतीला बसल्यासारखे. बाईने गोफण फिरवली. सगळे एकदम उठले, तलावावरून एक फेरी मारली, आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला उतरले.

मी म्हणाले, "मावशी, किती छान दिसतात!"

"छान दिसत्यात व्हय?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मग तुमच्या ताटातलं द्या की त्यास्नी. माजा हरभरा खाऊन छान दिसत्यात ते."

मग जवळ आली आणि माझ्या घोंगडीकडे, ताटाकडे पाहून म्हणाली, "आन् तुमी हितं का बसलाय ओ अक्का, भांडून?"

मी सांगितलं. ती इतकी हसली की पलीकडचे करकोचे पुन्हा उठले.

"आमच्यात न्हाय की ते. गळ्यात लिंग हाय, इटाळ कुटला? पाळी आली तरी खुरपं हातात." मग जरा थांबून म्हणाली, "पर बरं हाय तुमचं. तीन दिस बसून खायाचं. आमास्नी कोन बसवतंय?"

तिच्यामुळे मला त्या पक्ष्यांचा दिवस कळला. सकाळी रानात. ऊन चढलं की पाण्यावर. काठच्या चिखलात एका पायावर उभे राहून पिसं साफ करायची, पाणी प्यायचं, आपापसांत कुरकुरायचं. उतरत्या उन्हात पुन्हा रान. आणि दिवेलागणीला उथळ पाण्याच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, कोल्हा-कुत्रा पोचणार नाही अशा जागी. चारी बाजूंना पाणी घेऊन झोपणारे पक्षी. मला वाटायचं, यांना पाण्याने वेढलं की सुरक्षित वाटतं, आणि मला गुदमरल्यासारखं होतं. फरक इतकाच की ते वाटेल तेव्हा उठू शकत होते.

दुसऱ्या हिवाळ्यात नाताळात खात्याचे मोठे गोरे साहेब शिकारीला आले. बरोबर मडम होती. करकोचा फार सावध पक्षी. माणूस दिसला की बंदुकीच्या टप्प्याबाहेरच उठतो. पण बैलगाडीला तो भीत नाही, रोज बघतो ना. म्हणून साहेब गाडीच्या आडून चालत निघाले. गाडी त्या गाळपेरवाल्या बाईची आणि ती स्वतःच हाकायला बसलेली, पदर खोचून. "मारा म्हनावं चार," ती जाता जाता मला ओरडून म्हणाली, "बाकीचे शाने होतील."

मी पडवीत बसलेली होते. माझे ते दिवस होते. त्यामुळे बाहेरची धावपळ, चहा, खुर्च्या, तुमच्या आजोबांचा टाय, कशाशीच माझा संबंध नव्हता. गाडी सावकाश हरभऱ्याकडे सरकत होती. पहारा देणाऱ्या पक्ष्याने मान वर केली, गाडी पाहिली आणि पुन्हा खाली घातली. मला ओरडावंसं वाटलं. मग बार झाले. सगळं पाणी उठून उभं राहिलं असं वाटलं मला, इतके पंख एकदम वाजले.

त्याच वेळी घराच्या कोपऱ्यावरून मडम आल्या. त्यांना रक्त पाहवत नव्हतं म्हणून त्या मागे फिरल्या होत्या, आणि सावली शोधत पडवीशी पोचल्या. मला पाहून थबकल्या. मांडीवरचं पुस्तक पाहून आणखी थबकल्या.

"तू इंग्रजी वाचतेस?"

"हो. भूगोल."

त्यांनी हात पुढे केला. एरवी मी काय केलं असतं देव जाणे. पण त्या दिवशी मी स्वतःच कोणी शिवू नये अशी. बिनदिक्कत हात मिळवला. त्या सरळ माझ्या घोंगडीवर येऊन बसल्या. आतल्या दारात सासूबाईंचं तांबडं लुगडं दिसलं. कोणाचा कोणाला विटाळ झाला, हे त्यांना ठरवता येईना. तोंडावर पदर धरून त्या आत गेल्या, आणि मला खात्री आहे की त्या हसत होत्या.

मडम थोरल्या बहिणीच्या वयाच्या असतील. थकलेल्या दिसत होत्या. मी का वाचते असं त्यांनी विचारलं. मी परीक्षेचं सांगितलं. मग पक्ष्यांकडे बघून मी विचारलं, हे कुठून येतात, भूगोलात दिलेलं नाही. त्या म्हणाल्या, त्यांचा भाऊ वायव्य सरहद्दीकडे फौजेत आहे, त्याने वसंतात यांना थव्याथव्याने डोंगर ओलांडून उत्तरेला जाताना पाहिलं आहे. त्याच्याही पलीकडच्या गवताळ मैदानांत यांची घरटी असतात म्हणे. त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि आशियाच्या नकाशावर रेघ ओढली. नकाशात सोलापूर छापलेलं नव्हतं. मी बोट ठेवलं, त्यांनी तिथे ठिपका दिला, आणि तिथून रेघ वर नेली, हिमालयाच्या कडेने पलीकडे, जिथे नकाशावर कुठल्याच गावाचं नाव नव्हतं.

"तुम्ही पण जाता का परत?" मी विचारलं.

"माझी मुलं तिकडे आहेत," त्या म्हणाल्या. "आत्याकडे, शाळेसाठी. धाकट्याने मागच्या पत्रात विचारलंय, आई, तू उंच आहेस का?"

मी घोंगडीवर सरकून त्यांना सावलीत जागा करून दिली.

जाताना मडम साहेबांसमोर तुमच्या आजोबांना म्हणाल्या, "तुमची पत्नी मार्चमध्ये परीक्षेला बसणार आहे. छान." आजोबा "येस मॅडम" म्हणाले. साहेबासमोर "येस" म्हटलेलं मागे घेता येत नाही, आणि आजोबा प्रामाणिक माणूस. संध्याकाळी त्यांनी आईपाशी विषय काढला. मी पडवीत, दार उघडं, सगळं ऐकू येत होतं.

"साहेबाच्या बायकोने सांगितलं म्हणून सून परीक्षेला? उद्या ती सांगेल बूट घाल, घालणार?"

"आई, तिच्या वडिलांना आपण शब्द दिला होता."

"बघू म्हटलं होतं."

"मग आता बघू या ना."

मग सासूबाई म्हणाल्या, "फाल्गुनात जायचंय ना? तोवर देवाने तोंड गोड केलं, तर परीक्षा नाही. अवघडलेल्या बाईला परक्या गावी बाकावर बसवायची नाही. नाही केलं, तर जाऊ दे. मी करीन स्वयंपाक."

परीक्षेला पुण्याला जायचं होतं. तिथे माझी मावशी होती. आजोबांनी अर्ज पाठवला. वडिलांना निरोप गेला. ते स्वतः गाडी करून आले आणि संस्कृताचं एक सोपं पुस्तक देऊन गेले, "हे घरात वाच," असं हळूच सांगून.

तेव्हापासून त्या घरात एकाच गोष्टीकडे आम्ही दोन टोकांनी पाहत होतो. लग्नाला दीड-दोन वर्षं झाली होती. सासूबाई महिन्याच्या सुमाराला देवाला जास्त वेळ बसायच्या, आणि मी पडवीच्या दाराकडे बघत असायची. पौषात मला बाहेर बसावं लागलं तेव्हा सासूबाईंनी ताट जरा जोरात ठेवलं. मी मान खाली घालून आनंद लपवला. समोर करकोचे परत आले होते. शिकारीनंतर काही दिवस ते पलीकडच्या काठाला गेले होते, पण हरभऱ्याला घाटे धरले आणि ते विसरले, किंवा त्यांनी माफ केलं. गाळपेरवाली बाई ओरडत होती, गोफण वाजत होती, आणि मी बीजगणित सोडवत होते. त्या पडवीत तेव्हा मी जितकी मोकळी होते तितकी नंतर मोठ्या घरांतही झाले नाही.

माघात मी वाट पाहिली. माझा दिवस आला आणि गेला. उशीर होतो कधी कधी, मी मनाशी म्हटलं. भाकरी थापताना, पाणी भरताना तेच म्हणत होते. पुस्तकं ट्रंकेवर तयार ठेवली होती, बाहेर नेण्यासाठी. माझ्यासाठी शाळा उघडण्याची एकच वेळ होती, आणि ती येत नव्हती. पोटात काही आहे यापेक्षा पडवी बंद झाली हेच मला आधी जाणवलं.

मी कोणाला बोलले नाही. एक दिवस सासूबाई मागच्या पडवीत गेल्या, कोपऱ्यात घडी करून ठेवलेली घोंगडी त्यांनी उचलली, झटकली आणि तिथूनच म्हणाल्या, "या महिन्यात घोंगडी उन्हात घालायची राहिली वाटतं."

मी परातीतलं पीठ मळत राहिले.

"अगं, मी काय म्हणते?"

"हो," मी म्हणाले.

त्या आत आल्या. सोवळ्यात होत्या तरी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. नंतर त्या पुन्हा न्हायल्या असतील. देवापुढे साखर ठेवली, आजोबांना हाक मारली. आजोबा लाजले, हसले, आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू अर्धं राहिलं. "पुढच्या वर्षी बसशील," ते हळू आवाजात म्हणाले. वडिलांना कळवलं तेव्हा त्यांनी पेढे पाठवले. सगळे आनंदात होते. आणि मला त्या आनंदातून बाहेर पडायला दार नव्हतं, कारण रडले असते तरी ते ओकारीचं, डोहाळ्याचं समजलं गेलं असतं. तुमच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मी असते तर मीही रडले असते." ती होतीच तिथे.

मग लाड सुरू झाले. जड उचलायचं नाही. तिन्हीसांजेला पाण्याकडे बघायचं नाही. मागची पडवी ओलसर, तिथे वाऱ्याला बसायचं नाही. मागच्या दाराला कडी लागली. वाचायला बंदी कोणी केली नाही. पण दुपारी मी पुस्तक उघडलं की सासूबाई म्हणायच्या, "डोळ्यांवर ताण नको," आणि प्रेमाने पुस्तक मिटायला सांगायच्या. त्या स्वतः इंग्रजी पुस्तकाला शिवत नसत.

फाल्गुन लागला. हरभरा निघाला. ज्या आठवड्यात मी पुण्याला असायला हवी होते, त्यातल्याच एका दिवशी दुपारी मी चुलीपुढे होते. बाहेर करकोच्यांचा आवाज वाढला होता, नेहमीपेक्षा वेगळा, सगळे एकदम बोलत असल्यासारखा. मी उलथनं हातात धरून ऐकत होते. पलीकडून गाळपेरवाल्या बाईचा आवाज आला, "निगाले, निगाले! गेली एकदाची ब्याद!"

सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनी माळ ठेवली, उठल्या आणि मागच्या दाराची कडी काढली.

"जा, बघून ये. तुझे चालले."

मी पडवीत गेले. त्याही माझ्या मागे आल्या, उंबऱ्याशी थांबल्या. तापलेल्या हवेवर करकोचे वर चढत होते. पंख न हलवता, मोठमोठे वळसे घेत, एकावर एक, धूर चढावा तसे. दुसरा थवा पाण्यावरून उठून त्यांच्यात मिसळत होता. पुरेसे उंच गेल्यावर ते ओळीत आले आणि उत्तरेला सरकायला लागले.

"कुठे जातात गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी आतून भूगोल आणला, आशियाचा नकाशा उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात मागे घेतले, पण मान पुढे केली. मी बोटाने रेघ दाखवली. हे सोलापूर. हा हिमालय. हे पलीकडे.

"एवढं?"

"हो."

"बायकासुद्धा जातात?"

"सगळे जातात. जोडीने असतात."

त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला होता. तांबडा पदर डोक्यावरून घसरला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चल आत. दूध उतू जाईल."

पुढचं थोडक्यात. तुमची आई नव्या पेठेत माझ्या माहेरी जन्मली, दिवाळीच्या सुमाराला. मी बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत होते, खिडकीला फडकी लावलेली, खाटेखाली शेगडी. एका सकाळी पेठेच्या गलक्यावरून तो आवाज गेला. मी आईला म्हणाले, करकोचे आले. आई म्हणाली, कावळे असतील, पड तू. मुलीला मी छातीशी धरून होते आणि तिच्यावर माझा राग नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वर्षी आजोबांची बदली झाली, दूरच्या कालव्यावर. त्यानंतर तुमचा थोरला मामा, मग धाकटा. 'पुढच्या वर्षी' हे आजोबांनी मनापासून म्हटलं होतं. आम्ही दोघंही ते विसरलो नाही, फक्त बोलायचं सोडलं. मी मॅट्रिकला कधीच बसले नाही. वाचन मात्र सुटलं नाही; तुमच्या आईचं, मामांचं इंग्रजी आणि भूगोल मीच घेतलं. संस्कृतासाठी शिकवणी लावली.

आता काय शिल्लक आहे ते सांगते आणि थांबते. गेल्या हिवाळ्यात धाकट्या मामाने मला गाडीतून तलावावर नेलं. सरकारी घराचं छप्पर गेलं आहे. पडवीचा दगडी ओटा आहे, बसता येतं. तलाव आहे, काही वर्षी आटतो, काही वर्षी भरतो. गाळात अजून हरभरा पेरतात. करकोचे आले होते, पूर्वीइतके नव्हते, पण होते. भूगोलाचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. नकाशावरची रेघ पुसट झाली आहे, तरी दिसते.